डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महाडच्या तळ्यापासून राज्यघटनेपर्यंत

दर वर्षी २६ जानेवारीला सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात झेंडावंदन होते, मुलांना खाऊ वाटला जातो आणि आपण घरी जातो. त्या दिवशी अमलात आलेल्या राज्यघटनेने आपल्याला काय दिले, असे कोणी विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : मतदानाचा हक्क. उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धे आहे. मताने सरकार बनते हे खरे; पण ज्यांची मतेच थोडी आहेत त्यांचे काय? पाच जणांच्या घरात चौघांनी मिळून ठरवले की पाचव्याने जेवायचे नाही, तर तो निर्णय बहुमताचा असला तरी न्यायाचा होईल का?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशात ख्रिस्ती माणसे शंभरात जेमतेम २.३ आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्यासाठी केवळ वादविवाद स्पर्धेचा विषय नाही. हाच प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारला आणि शेवटी त्याचे उत्तर देशाच्या कायद्यात लिहून ठेवले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ओळख आज आपण करून घेणार आहोत. त्यांचे नाव माहीत नाही असे घर महाराष्ट्रात नाही. पण ते एका समाजाचे पुढारी, एवढ्यावरच आपल्यापैकी अनेकांची ओळख थांबते. आमच्या मते ते प्रत्येक लहान समाजाचे, किंबहुना एकट्या पडलेल्या प्रत्येक माणसाचे वकील होते.

बालपण आणि शिक्षण

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी लष्करात सुभेदार होते. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. आईवडिलांचे हे चौदावे अपत्य. आई भीमाबाई लवकरच वारल्या.

साताऱ्याच्या शाळेत या हुशार मुलाला इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे. तहान लागली तर नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळे. शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही. सरकारी शाळेत या मुलाचे नाव पटावर होते, फी भरलेली होती. कागदावर हक्क होता. पण हक्क आणि घोटभर पाणी यांच्यामध्ये एक शिपाई उभा होता. पुढच्या सगळ्या आयुष्यातील झगडा या एका गोष्टीत सामावलेला आहे.

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले आणि १९१२ साली बी. ए. झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि बॅरिस्टर झाले. मधल्या काळात १९१७ साली शिष्यवृत्तीची अट म्हणून ते बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तर जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन दारात आले. पदव्यांनी माणूस मोठा होतो, पण समाजाने दार लावायचे ठरवले तर पदव्याही बाहेरच राहतात, हे त्यांनी त्या दिवशी अनुभवले.

महाडचे तळे

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात समाजसुधारक सी. के. बोले यांनी एक ठराव मांडला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांनाही खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. तो मंजूर झाला. त्याला धरून १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे सर्वांना खुले केले. पण तेही कागदावरच. तळ्यावर जाण्याची कोणाची छाती झाली नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब हजारो लोकांसह शिस्तीत चालत तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्याले. ज्या पाण्याला गुरेढोरे तोंड लावत, ते पाणी माणसांनी प्यायले म्हणून गावात खळबळ उडाली. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली. परतलेली माणसे मांडवात जेवत असताना त्यांच्यावर काठ्यांनी हल्ला झाला. बाबासाहेबांच्या माणसांची संख्या कमी नव्हती; त्यांत लष्करातून निवृत्त झालेलेही होते. तरी त्यांनी आपल्या लोकांना आवरले, हात उचलू दिला नाही. इकडे गावकऱ्यांनी तळ्याची शुद्धी करून घेतली.

पुढे जे घडले ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला आधीचा ठराव रद्द केला. जे बहुमताने दिले होते, ते बहुमतानेच काढून घेतले! नियमाप्रमाणे सभा झाली, हात वर झाले, नोंद झाली. कामकाजात काहीच चूक नव्हती. चूक होती ती मुळात : माणसाने पाणी प्यावे की नाही, हा मतदानाचा विषय होऊ शकतो, असे मानण्यात.

डिसेंबरमध्ये बाबासाहेबांनी पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. परिषदेसाठी गावात जागा कोणी देईना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. याच परिषदेत २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. पण त्याआधीच विरोधकांनी दिवाणी कोर्टात जाऊन तळे खासगी असल्याचा दावा केला होता आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. हजारो माणसे तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. कलेक्टरांनी समजूत घालायचा प्रयत्न केला. बाबासाहेबांनी विचार केला आणि आपल्या लोकांना थांबायला सांगितले. भांडण आता कोर्टात आहे, तर ते कोर्टातच लढू, असा त्यांचा निर्णय होता. मिरवणूक तळ्याच्या बाजूने शांतपणे फिरून परत आली.

हा निर्णय घेणे सोपे नव्हते. आपल्याच माणसांपैकी अनेकांना तो पटला नाही. खटला तब्बल दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने विरोधकांचे अपील फेटाळले. अनादिकाळापासून अशी रूढी आहे हे सिद्ध होत नाही, असे कोर्टाने ठरवले. ज्या पाण्यासाठी १९२७ साली डोकी फुटली, त्याचा हक्क न्यायालयाच्या निकालाने कायम झाला.

या लढ्यात महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण समाजातील लोकही बाबासाहेबांच्या बाजूला उभे होते, हे विसरता कामा नये. बहुसंख्य समाजात जन्मलेला माणूस अन्यायाच्या बाजूने असतोच असे नाही. त्यानेही आपला विवेक जागा ठेवायचा असतो.

मत कोणाच्या हाती?

त्या काळी मताचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण असणाऱ्या थोड्या लोकांनाच होता. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत मिळावे, अशी मागणी केली. गरीब, अशिक्षित माणसाला मत कशाला, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. ज्याला स्वतःच्या रक्षणाचे दुसरे साधन नाही, त्यालाच मताची गरज सर्वांत जास्त, असे त्यांचे म्हणणे होते.

पण केवळ मताने भागत नाही, हेही त्यांना दिसत होते. गावात आपली दहा घरे आणि दुसऱ्यांची शंभर असतील, तर आपला प्रतिनिधी कोण हेही ती शंभर घरेच ठरवणार. म्हणून गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवाड्याने ते मिळालेही. गांधीजींना ही विभागणी मान्य नव्हती. त्यांनी २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केले. सारा देश बाबासाहेबांकडे बोट दाखवू लागला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत ७१ ऐवजी १४८ राखीव जागा मिळाल्या, पण निवडणूक संयुक्त मतदारसंघात. गांधीजींचे प्राण वाचले याचे समाधान बाबासाहेबांनाही होते, पण आपल्यावर दडपण आले ही खंत त्यांना कायम राहिली. या कराराबद्दल आजही दोन मते आहेत. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती, एवढे मात्र मान्य करावे लागते.

पक्के बहुमत आणि बदलणारे बहुमत

या अनुभवांतून त्यांनी एक महत्त्वाचा विचार मांडला. १९४५ साली मुंबईत केलेल्या भाषणात आणि १९४७ च्या आपल्या निवेदनात त्याची मांडणी आहे. आपल्या शब्दांत तो असा सांगता येईल. इंग्लंडसारख्या देशात बहुमत हे राजकीय असते. आज एका पक्षाचे असते, उद्या दुसऱ्याचे. लोक विचार बदलतात, बहुमत बदलते. आज हरलेल्याला उद्या जिंकण्याची आशा असते, म्हणून तो हार मानतो. पण बहुमत जर जातीचे किंवा धर्माचे असेल, तर ते निवडणुकीत बनत नाही, ते जन्मानेच ठरते. त्यात बाहेरच्याला प्रवेश नाही आणि ते कधी बदलत नाही. अशा बहुमताच्या हाती सगळी सत्ता दिली, तर अल्पसंख्याकांसाठी निवडणूक म्हणजे दर पाच वर्षांनी हरण्याचा समारंभ ठरेल.

बहुमताचे राज्य त्यांना नको होते असे नाही. त्यांना ते हवेच होते. पण बहुमताने कोठे थांबायचे, हे आधीच लिहून ठेवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

घटना समितीत

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीने मसुदा समिती नेमली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला, त्या काँग्रेसच्या नेत्यांनीच हे काम त्यांच्यावर सोपवले. दोन्ही बाजूंच्या मोठेपणाची ही खूण आहे. समितीत सात सभासद होते, पण कोणी आजारी, कोणी दूर, कोणी इतर कामांत. तब्येत खालावलेली असतानाही मसुद्याचा मुख्य भार बाबासाहेबांनीच उचलला. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष चर्चेला आल्या. त्यांच्यावरील चर्चेत ते उत्तरे देत होते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी दोन्ही बाजूंना दोन गोष्टी सांगितल्या. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांचे अस्तित्वच नाकारणे चूक आहे, आणि अल्पसंख्याकांनी कायमचे वेगळे राहणेही चूक आहे. अल्पसंख्याकांनी बहुसंख्याकांचे राज्य विश्वासाने स्वीकारले आहे. आता भेदभाव न करण्याचे कर्तव्य बहुसंख्याकांचे आहे. भेदभावाची सवय सुटली की अल्पसंख्याक म्हणून वेगळे राहण्याचे कारणच उरणार नाही, असे त्यांना वाटत होते.

महिनाभरातच, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर झाले. आजच्या घटनेत ते १७ वे आहे. १५ वे कलमही आपण एकदा वाचून पाहावे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते वापरण्यास मनाई करता येणार नाही, असे त्यात आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात तळी आणि विहिरी कशाला, असे परक्याला वाटेल. महाड ज्याला माहीत आहे त्याला तसे वाटणार नाही. यापुढे कोणत्याही नगरपालिकेला हात वर करून ते पाणी बंद करता येणार नव्हते.

पण हक्क लिहून ठेवला आणि तो मागायला जागा नसली, तर पुन्हा साताऱ्याच्या शाळेतला शिपाई आडवा येणारच. म्हणून ३२ वे कलम आले. मूलभूत हक्क मोडला तर नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. सर्व कलमांत बाबासाहेबांना हेच सर्वांत मोलाचे वाटत होते. या दारातून बहुमतवाला आणि एकटा, मंत्री आणि मजूर, सारखेच आत जातात.

आपल्या समाजाचा संबंध येतो तो येथे. त्या काळी ख्रिस्ती लोकांसाठीही कायदेमंडळांत राखीव जागा होत्या. घटना समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते. येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा हेही सभासद होते. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकाव्यात, असा प्रस्ताव सरदार पटेलांच्या सल्लागार समितीत मुखर्जींनी मांडला आणि पुढे घटना समितीने तो स्वीकारला. जागांपेक्षा हक्क आणि शेजाऱ्याचा विश्वास यांवर आपल्या वडीलधाऱ्यांनी भिस्त ठेवली. धर्म पाळण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क २५ व्या कलमात आला, शाळा काढून चालवण्याचा हक्क ३० व्या कलमात आला.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना मंजूर झाली. आदल्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी आनंदापेक्षा काळजीच जास्त बोलून दाखवली. घटनेचे मार्ग उपलब्ध असताना बेकायदा मार्ग धरू नयेत. कितीही मोठा पुढारी असला तरी त्याच्या पायी आपले स्वातंत्र्य वाहू नये. आणि मतपेटीत सगळे समान, पण जगण्यात विषमता, ही विसंगती फार दिवस चालू देऊ नये, असा त्यांचा इशारा होता.

सत्ता सोडली, प्रश्न सोडले नाहीत

स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू स्त्रियांना वारसा, विवाह आणि घटस्फोटाबाबत न्याय देणारे हिंदू कोड बिल मांडले. विरोध वाढला, बिल रखडले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ साली त्यातील बरेचसे वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने आले.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी लोकांना मताचा हक्क होता. ज्यांनी यासाठी जन्मभर झगडा केला, ते बाबासाहेब त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून पडले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले. बहुमत त्यांच्या बाजूने नव्हते, पण त्यांनी मतपेटीवरचा विश्वास सोडला नाही. राज्यसभेत बसून ते बोलत राहिले. २ सप्टेंबर १९५३ रोजी तर वैतागून, ही घटना जाळायलाही आपण तयार आहोत, इतके टोकाचे ते बोलून गेले. त्यामागचे कारण समजून घ्यायला हवे. घटना चांगली असून भागत नाही, ती चालवणारे चांगले असावे लागतात, आणि त्याबाबत त्यांची निराशा होत होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले.

त्यांच्यानंतर

त्यांनी घातलेली वेस टिकली का? १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायाधीशांपैकी ७ जणांनी निर्णय दिला की संसदेला घटनेत दुरुस्ती करता येते, पण घटनेचा मूळ गाभा मोडता येत नाही. १९७४ साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात ९ न्यायाधीशांनी अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांच्या कारभारातील सरकारी ढवळाढवळीला मर्यादा घातली. पण वेस एकदा कोसळलीही. १९७५ च्या आणीबाणीत हजारो लोक चौकशीविना तुरुंगात असताना, १९७६ साली त्याच न्यायालयाने त्यांना दार उघडले नाही. पाचांपैकी न्या. हंसराज खन्ना एकटेच विरोधात उभे राहिले. १९७८ च्या दुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही थांबवता येणार नाही असे ठरले, आणि २०१७ साली न्यायालयाने १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरवला. एकट्या माणसाचे मत कधी कधी चाळीस वर्षांनी खरे ठरते.

आपल्यासाठी

पिलाताच्या वाड्यासमोर काय घडले ते आपण दर शुभशुक्रवारी ऐकतो. समोरचा माणूस निर्दोष आहे हे राज्यपालाला कळले होते. जमाव ओरडला, राज्यपालाने हात धुतले. जमावाचा आवाज आणि सत्तेचा भित्रेपणा एकत्र आले की निरपराध माणूस क्रुसावर जातो. तेव्हा न्याय गर्दीच्या आवाजावर ठरत नाही, हे ख्रिस्ती माणसाला दुसऱ्याने शिकवण्याची गरज नसावी.

पण आरसा आपल्याकडेही वळवायला हवा. धर्मांतरानंतरही जात सुटत नाही, भारतातल्या ख्रिस्ती समाजातही ती शिरली आहे, असे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले होते. देशाच्या काही भागांत ख्रिस्ती बांधवांसाठी चर्चमध्ये वेगळी जागा आणि वेगळी दफनभूमी होती, हे लाजिरवाणे सत्य आहे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. आपले दलित बांधव तोच न्याय मागत आले आहेत. त्यांच्या बाजूने आपण किती वेळा उभे राहिलो?

आणि जिथे आपण बहुसंख्य असतो तिथे? आपल्या गावांत, सोसायट्यांत, पतपेढ्यांत, धर्मग्रामाच्या मंडळांतही ठराव होतात, हात वर होतात. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचे, परप्रांतातून आलेल्या मजुराचे, एकट्या विधवेचे म्हणणे ऐकून न घेता ठराव मंजूर झाला, तर तो महाडच्या नगरपालिकेच्या ठरावाहून वेगळा नाही. पुढच्या वेळी हात वर करण्याआधी आपण एवढेच पाहावे : या ठरावाने कोणाचे पाणी तर तुटत नाही ना? तुटत असेल तर हात खाली ठेवायचे धैर्य परमेश्वर आपणां सर्वांना देवो.